पाझराचं पाणी

गावाच्या वरच्या अंगाला मातीचं एक लहानसं धरण होतं. लांबून पाहिलं तर ते धरण वाटायचंच नाही. दोन टेकड्यांच्या मध्ये कुणीतरी गवताची तिसरी टेकडी आडवी निजवून ठेवलीय, असं वाटायचं. पलीकडे पाणी, अलीकडे मळे आणि मळ्यांच्या खाली गाव.

त्या धरणाला एक राखणदार होता. गावात कुणी त्याला नावाने हाक मारत नसे, सगळे धरणबाबाच म्हणत. काम तसं साधं, पण रोजचं. सकाळचा चहा झाला की पाळेवर, म्हणजे धरणाच्या मातीच्या बांधावर, चढायचं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. कुठे भेग पडलीय का, घुशींनी बिळं केलीत का, एखादं झाडाचं रोप मूळ धरतंय का, ते बघायचं. बीळ दिसलं की ओली माती ठासून बुजवायचं, रोप दिसलं की उपटायचं. मग खाली पायथ्याशी जाऊन पाझराचं पाणी बघायचं.

मातीचं धरण म्हटलं की थोडं पाझरणारच. पायथ्याशी दगडी चर बांधलेला होता, त्यातून ते पाणी बारीक धारेनं ओढ्याकडे जायचं. धार स्वच्छ असली की चिंता नाही. गढूळ झाली की समजायचं, पाणी एकटं येत नाहीये, पोटातली माती सोबत घेऊन येतंय. आतून पोखरलेलं धरण वरून शेवटपर्यंत ठणठणीत दिसतं. म्हणून बाबा रोज काचेच्या बाटलीत ते पाणी भरून उन्हासमोर धरायचे, बघायचे, ओतून द्यायचे आणि घरी यायचे. लोक म्हणायचे, म्हातारा डोळ्यांत तेल घालून धरण राखतो. पूर्वी हे ऐकून बाबांची छाती फुगायची. अलीकडे ते शब्द त्यांना टोचायला लागले होते.

कारण बाबांना दिसत नव्हतं.

एकदम गेली नव्हती नजर. हळूहळू सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. आभाळ, भिंत, माणसं, सगळं त्या सायीच्या आड. शेजारच्या कुंपणावर वाळत घातलेल्या कोटाला त्यांनी एकदा "काय, आज लवकर?" असं विचारलं होतं आणि उत्तर आलं नाही म्हणून दिवसभर शेजाऱ्यावर रुसले होते. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नजर गेलेला राखणदार कोण ठेवेल? आणि पाळेवर चढायचं नसेल, तर सकाळी उठायचं तरी कशाला?

घरात दोघंच होते, बाबा आणि त्यांची सून. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी आला की चार दिवस झोपायचा आणि पुन्हा निघायचा. सून पुढच्या खोलीत मशीनवर गावातले कपडे शिवायची. सासरा आणि सून यांच्यात बोलणं असं फारसं नव्हतं. भांडण होतं म्हणून नव्हे. सुरुवात कशी करायची तेच दोघांना जमलं नव्हतं. "जेवायला वाढू का?" "वाढ." "पाऊस आहे, छत्री न्या." "नेतो." एवढ्यावर दिवस जायचा.

त्यात तिला अलीकडे शिस्तीचं खूळ लागलं होतं. पाण्याचा जग टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात म्हणजे डाव्या कोपऱ्यातच. चपला दाराच्या उजवीकडे. वाटेत खुर्ची ठेवायची नाही. दारापुढच्या पायऱ्यांच्या कडांना तिने पांढरा रंग फासला. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "उरला होता, वाया कशाला घालवायचा?" बाबांना वाटलं, असते एकेकीला सवय. आपण मध्ये बोलू नये.

त्या वर्षी पाऊस संपता संपेना. धरण काठोकाठ भरलं, पाणी सांडव्याच्या उंबऱ्याला टेकलं. मग एकदाचं ऊन पडलं, आणि त्या उन्हात बाबांनी पाझराची बाटली वर धरली तेव्हा पाणी पांढुरकं दिसलं.

त्यांनी डोळे चोळले. पुन्हा बघितलं. पांढुरकंच. बाटलीच्या पलीकडचं आभाळही पांढुरकंच होतं, आणि बाटली धरलेला स्वतःचा हातसुद्धा. मग पाण्याचं काय खरं मानायचं?

"डोळेच," ते स्वतःशी म्हणाले आणि पाणी ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. ऑफिसला कळवावं, तर इंजिनिअर येणार, आणि पाणी स्वच्छ निघालं तर पहिला प्रश्न हाच येणार, की बाबा, तुम्हाला दिसतं का? न कळवावं, तर पायथ्याशीच दूधवाल्या मावशींचं घर. मावशी, त्यांच्या दोन म्हशी आणि कोंबड्यांचं खुराडं. त्या रात्री त्यांना धड झोप लागली नाही. तिसऱ्या सकाळी त्यांनी युक्ती काढली. बाटली ओतून न देता शर्टाआड लपवून घरी आणली आणि आपल्या कॉटच्या मागे ठेवली. माती असेल तर बसेल खाली. मग पाणी हळूच काढून बोट घालून बघू. बोटांना तर काही झालेलं नाही.

पण दुपारी सून झाडायला आली. बाबा बाहेर पायरीवर बसले होते.

"बाबा, ही बाटली टाकू का?" आतून आवाज आला. "माती बसलीय हिच्यात."

बाबा जागचे उठले ते दाराच्या चौकटीला धडकलेच. "काय बसलंय म्हणालीस?"

"माती."

"नीट बघ. हलवू नकोस. बघ आणि सांग."

सून बाटली घेऊन उजेडात आली. "वर पाणी नितळ आहे. खाली पिवळी माती, पिठासारखी बारीक. चांगली बोटभर आहे. कुठलं आहे हे पाणी?"

बाबा पुन्हा पायरीवर बसले. "म्हणजे माझे डोळे नव्हते."

"काय?"

"मला वाटलं, मला दिसत नाही म्हणून पाणी तसं दिसतंय."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो. त्यांनी मान खाली घातली. सुनेनं बाटली अलगद पायरीवर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"तुम्हाला दिसत नाही ते मला ठाऊक आहे, बाबा."

"कधीपासून?"

"तुम्ही मशीनला चहा दिलात त्या दिवसापासून. मी मागे उभी होते. मशीनवर चादर टाकली होती, तुम्हाला वाटलं मीच वाकून बसलेय. म्हणालात, घे, गरम आहे तोवर पी."

बाबांना हसावं की लाजावं ते कळेना. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होतात. म्हटलं, लपवू देत. फक्त पडू नका म्हणजे झालं."

बाबांचा हात पायरीच्या कडेवर होता. तिथला रंग त्यांना बोटांखाली खरखरीत लागला. पांढऱ्या कडा, डाव्या कोपऱ्यातला जग, वाटेतून हटवलेली खुर्ची. गेलं वर्षभर ते जिला खूळ समजत होते, ती त्यांच्यासाठी घरभर वाट करून ठेवत होती. पण आता बसून राहायला सवड नव्हती.

"चल," ते म्हणाले. "फोन घे. आणि पायात बूट घाल, चपला नकोत. आज मी म्हणतो तिकडे तुला बघायचंय."

पाळेच्या उतारावरून ती पुढे आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बाबा मागे, असे ते दोघं खाली उतरले. दगडी चराशी आल्यावर बाबांनी विचारलं, "धार केवढी आहे?"

"मला नेहमीची ठाऊक नाही ना."

"बरोबर. मनगटाएवढी आहे की अंगठ्याएवढी?"

"मनगटाएवढी."

नेहमी ती अंगठ्याएवढी असायची. बाबा म्हणाले, "चराच्या बाहेर, गवतात बघ. कुठे ओल, चिखल, बुडबुडे?"

ती गवत बाजूला सारत हळूहळू गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, जरा बारीक झालेला. "बाबा, इथे पाणी उकळतंय. म्हणजे गरम नाही, पण उकळी फुटल्यासारखं जमिनीतून वर येतंय. आणि भोवती मातीचं कडं झालंय, मुंग्यांच्या वारुळासारखं."

"तिथून मागे सर. लगेच. आणि बाईंना फोन लाव."

बाई म्हणजे इंजिनिअर बाई, तालुक्याच्या ऑफिसात बसणाऱ्या. गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत का होईना, पण प्रत्येक धरण स्वतः चढून बघणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुनेला दोन-तीन प्रश्न विचारले, तिने दिसलं तसं सांगितलं. बाईंचा आवाज एकदम शांत झाला. घाईची वेळ आली की त्यांचा आवाज असाच शांत व्हायचा.

"ऐका. आधी गेट पूर्ण उघडा, पाणी उतरू दे. पायथ्याच्या घरातली माणसं हलवा. आणि ते भोक बुजवू नका, कुणी माती टाकायला आलं तर अडवा. कोंडलं तर दुसरीकडून फुटेल. वाळू टाका, वाळूवर खडी, खडीवर दगड. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. निघालेच मी."

गेटचं उभं चाक पाळेच्या मध्यावर, पत्र्याच्या खोलीत होतं. बाबांनी आयुष्यभर ते एकट्यानं फिरवलं होतं. तेल-पाणीही त्यांच्याच हातचं. पण पूर्ण भरलेल्या धरणाचा दाब गेटवर होता. चाक हलेना. सून दुसऱ्या बाजूनं भिडली.

"मी हो म्हटलं की ओढ," बाबा म्हणाले. "हो!"

काही नाही.

"तुम्ही ढकलताय कुठल्या बाजूला?" ती धापा टाकत म्हणाली.

"उजव्या."

"माझ्या उजव्या की तुमच्या?"

दोघं समोरासमोर उभे होते. दोघांनी एकमेकांविरुद्ध सगळी ताकद लावली होती. त्या तशा वेळीही दोघांना हसू फुटलं. पुढच्या "हो"ला चाक करकरत फिरलं. मग पुन्हा. मग खालून, धरणाच्या पोटातल्या मोरीतून पाणी सुटल्याचा घोगरा आवाज आला, आणि बाबांनी चाकावर कपाळ टेकलं.

"तू मावशींकडे जा," ते म्हणाले. "मी गवंड्याला हाक मारतो. शाळेची भिंत बांधतोय, त्याच्याकडे वाळूही आहे आणि खडीही. ट्रॅक्टरही त्याचाच."

"तुम्ही एकटे उतराल?"

"ही वाट मला पायांनी दिसते. जा तू."

मावशींना हलवणं गेट उघडण्यापेक्षा अवघड निघालं. त्यांचं म्हणणं, धरण त्यांच्या लग्नाआधीपासून तिथं उभं आहे आणि आजवर त्यांच्या अंगावर आलेलं नाही. सुनेनं हात जोडले, धरण भरल्याचं सांगितलं, उकळी सांगितली. मावशी म्हशीचं दूध काढतच राहिल्या.

शेवटी सून म्हणाली, "मावशी, बाबांना दिसत नाही. तरी ते वरून धडपडत खाली येताहेत, तुम्ही निघालात की नाही बघायला. तुम्ही नाही निघालात तर ते इथंच बसतील. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे."

मावशींचे हात थांबले. "दिसत नाही? त्या धरणबाबाला?" त्यांनी बादली उचलली. "अगं बाई! मग आधी नाही सांगायचं? म्हशी सोड. कोंबड्यांना पोत्यात घाल. आणि हे दूध सांडलं तर भरून तू देशील."

मावशींची वरात गावाकडे निघाली तोवर गवंड्याचा ट्रॅक्टर पायथ्याशी येऊन लागला होता. बातमी पसरली, माणसं जमली. एकाला वाटत होतं, चार पोती माती टाकून भोक दाबावं. बाबा त्या उकळीच्या जवळ फतकल मारून बसले होते आणि मातीचं पोतं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ओरडत होते, "माती नाही! वाळू!" सून घमेल्याजवळ उभी राहून वाळू कुठे पडतेय ते सांगत होती. "थोडी डावीकडे. अजून एक. आता कडं झाकलं. आता वाळूतून पाणी वर येतंय." मग खडी. मग दगड. गवंड्यानं दगड असे रचले, जसं काही तिथेही भिंतच उभी करायचीय.

ऊन उतरायच्या आत बाई पोचल्या. गाडीतून उतरल्या, "अरे देवा, पुन्हा पायऱ्या," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून थेट त्या ढिगाशी आल्या. वाकून त्यांनी दगडांमधून येणारं पाणी ओंजळीत घेतलं. बराच वेळ बघितलं. मग ओंजळ सुनेपुढे धरली.

"काय दिसतं?"

"तुमच्या हातावरच्या रेषा," सून म्हणाली.

"स्वच्छ आहे," बाईंनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं. "आत्ता तरी स्वच्छ आहे. आणखी वाळू आणून ठेवा. धरण अर्धं उतरेपर्यंत मी इथून हलत नाही."

कुणीतरी शिट्टी वाजवली. बाबांनी मात्र मान वर केली नाही. लोक पांगायला लागल्यावर ते बाईंजवळ गेले.

"बाई, पाणी परवापासून गढूळ होतं. मला दिसलं होतं. पण माझे डोळे गेलेत, म्हणून मी माझ्यावरच विश्वास ठेवला नाही. आणि कळवलं असतं तर डोळ्यांचं बाहेर आलं असतं, म्हणून गप्प बसलो."

बाई रागावल्या होत्या, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. "परवापासून म्हणजे फार झालं, बाबा. रात्री फुटलं असतं तर त्या मावशी झोपेत असत्या."

"हो."

"शंका असली तरी कळवायचं. पाणी स्वच्छ निघालं असतं तर मी फक्त गुडघ्यांच्या नावानं शिव्या घातल्या असत्या. तेवढंच."

"हो, बाई."

"धरणाकडे आता तुम्हाला एकट्याला येता येणार नाही." बाबांचा चेहरा उतरलेला बघून त्या थांबल्या. मग जरा हलक्या आवाजात म्हणाल्या, "एकट्याला म्हणाले मी. डोळ्यांचं काय आहे? मोतीबिंदू?"

"असेल. दाखवलं नाही कुणाला."

"का?"

उत्तर सुनेनं दिलं. "घाबरतात ते. सुईला."

"तुला कुणी सांगितलं?" बाबा चिडून म्हणाले.

"मी शिवत असताना तुम्ही खोलीच्या त्या टोकाला बसता. आणखी काय सांगायचं?"

बाईंना हसू आवरेना.

धरण उतरलं, आणि उन्हाळ्यात पायथा उकरून पुन्हा नीट बांधायचं ठरलं. उकरलं तेव्हा आत एक जुनं घुशीचं बीळ निघालं, सुरुवातीला हातभरच असावं, ते वाढत वाढत पाण्यापर्यंत पोचलं होतं. बाबा ते बघायला होते, पण उन्हाळ्याच्या कितीतरी आधी त्यांना दवाखाना बघावा लागला. मुलगा ट्रक घेऊन दूर कुठेतरी अडकला होता, तेव्हा सूनच सोबत गेली. ऑपरेशनच्या टेबलावर नेईपर्यंत बाबांनी तिच्या हाताची बोटं अशी घट्ट धरली होती, की नर्सला ती एकेक करून सोडवावी लागली.

डोळ्यावरची पट्टी काढली ती खिडकीजवळच्या खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, हळूहळू उघडा. बाबांनी उघडला. आधी नुसता उजेड. मग खिडकीच्या गजावरचा गंज. मग समोर एक बाई, हातात पिशवी, केस विस्कटलेले, जागरणानं डोळ्यांखाली काळं झालेलं.

बाबा बघतच राहिले. ती लग्न होऊन घरात आली तेव्हाच त्यांची नजर उतरणीला लागली होती. आवाज ओळखीचा होता, पावलं ओळखीची होती, मशीनची लय तर झोपेतही ओळखीची होती. पण हा चेहरा त्यांनी कधी नीट पाहिलाच नव्हता.

"काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "दिसत नाही का?"

"तू एवढी लहान आहेस?" बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"मला वाटायचं, चांगली मोठी बाई आहे कुणीतरी. धाक वाटायचा मला तुझा." त्यांनी डोळे पुसायला हात वर केला, तशी नर्स ओरडली, हात लावायचा नाही म्हणून. मग सुनेनंच पिशवीतून रुमाल काढला आणि त्यांच्या गालावरून ओघळलेलं पाणी हलक्या हातानं टिपलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलगा अचानक घरी आला. दार उघडं होतं, मशीनवर अर्धवट शिवलेला शर्ट होता, चूल थंड होती. घरात कुणी नाही. भूक तर सपाटून लागली होती. तो अंगणात आला आणि वर बघितलं. पाळेवर दोघं उकिडवे बसले होते, डोक्याला डोकं लावून.

"ही भेग आहे," सून म्हणत होती.

"भेग नव्हे. म्हशीच्या खुराचा ओरखडा आहे."

"कालपर्यंत नव्हता."

"म्हैसही काल नव्हती."

"बाबा! अहो, मी आलोय!" मुलानं खालून हाक मारली. दोघांपैकी कुणीही मान वर केली नाही. बाबांनी जवळची एक काडी उचलून त्या रेषेत घातली, किती खोल जाते ते बघायला, आणि सून काडीवर नजर ठेवून आणखी वाकली.